गोडा मसाला

काही वस्तूंची नावे नव्या माणसाला चकवतात. गोड्या मसाल्यात साखरेचा कण नसतो की गुळाचा खडा नसतो. तरी पिढ्यान्‌पिढ्या त्याला गोडा म्हणण्यात कोणाला काही वावगे वाटलेले नाही. सासरी येईपर्यंत मला मात्र ते नाव निव्वळ थट्टेचे वाटे. मी कोल्हापूरकडची. आमच्याकडे मसाला हा शब्दच फारसा कोणी उच्चारीत नाही. आमची असते ती ‘चटणी’. संकेश्वरी आणि बेडगी मिरची, धने, तीळ, सुके खोबरे, तेलात लाल केलेला कांदा, सोललेल्या लसणाचा ढीग, आले आणि मीठ हे सगळे एकत्र कुटून केलेली, तेलकट, लालभडक, डब्याचे झाकण काढताच नाकातून सरळ मेंदूपर्यंत जाणारी. आमटीत तीच, भाजीत तीच, मटणात तीच. आणि घरात काहीच नसेल तर भाकरीवर, वर तेलाची धार सोडून, तीच.

ही चटणी कुटायची ती डंकावर. ज्यांनी डंक पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: लोखंडी मुसळे रांगेने उभी असतात आणि खाली त्यांच्या उखळी, पट्टा फिरू लागला की मुसळे आळीपाळीने वर जातात आणि धाडकन खाली येतात. चैत्र-वैशाखात डंकापुढे बायकांची रांग लागे. डोक्याला पदर घट्ट बांधून, नाकावर फडके धरून माझी आई आपल्या उखळीपाशी ठाण मांडून बसायची, कारण आपल्या आधी कोणाची मिरची त्या उखळीत कुटली गेली आणि तिने उखळ नीट पुसून घेतली की नाही, याविषयी तिचा जगात कोणावरही विश्वास नव्हता. घरी परतल्यावर दोन दिवस आम्ही सगळे शिंकत असू.

अशा घरातून मी वाईला आले. पहिल्याच दिवशी पानात आमटी आली, ती तपकिरी रंगाची. मी भुरका मारला आणि तिखटाची वाट पाहू लागले. तिखट आलेच नाही. त्याऐवजी दुसरेच काहीतरी आले. आधी नाकात, मग घशाशी, मग पुन्हा नाकात. लाकडाच्या जुन्या पेटीत ठेवलेल्या वस्त्राला येतो तसा एक गंभीर, किंचित धुरकट वास. त्या वासाचे नाव गोडा मसाला हे मला त्या दिवशी कळले. पण नावाचे कोडे सुटायला आणखी काही वर्षे गेली. आपण गोडे पाणी म्हणतो, गोडे तेल म्हणतो, गोडे वरण म्हणतो. यांतले गोड कोणते आहे? जे खारट नाही, उग्र नाही, झोंबत नाही, ते आपल्या भाषेत गोडे. मसाला न झोंबताही असू शकतो, एवढेच ते नाव सांगते.

आणि खरे पाहता, न झोंबणारा मसालाच आपल्याकडे आधीचा म्हणायला हवा. मिरची ही अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोक सोळाव्या शतकात गोव्यात आले, त्यांच्या जहाजांबरोबर ती आली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इसवी सनाच्या बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या भोजनाचे रसभरित वर्णन आहे, मिरे आहेत, हिंग आहे, मिरची नाही. असणार कुठून? आपण तिला नाव दिले तेही मिऱ्यावरूनच. आज माझ्या माहेरची माणसे मिरचीला आपली कुलदेवताच समजतात, ही पाहुणी मंडळींची खुबी म्हणायची. हे मी एकदा सासूबाईंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमची चटणी परदेशी आणि आमचा मसाला स्वदेशी, असंच ना?” त्या दिवसापासून मी इतिहास जपून सांगते.

सासूबाईंना मी ‘अहो आई’ म्हणते आणि माझ्या आईला नुसती ‘आई’. दोन्ही घरांच्या मसाल्यांतही साधारण तेवढेच अंतर होते. माझ्या माहेरच्या चटणीचा डबा वाईच्या स्वयंपाकघरात आला, पण त्याला जागा मिळाली ती खालच्या फळीवर, भिंतीच्या कडेला. गोड्या मसाल्याची चिनी मातीची बरणी वरच्या फळीवर, तोंडाला पांढरा दादरा बांधलेली. लसणाचा वास वर चढतो आणि बरणीत शिरतो, अशी सासूबाईंची ठाम समजूत होती.

मसाल्याची वही आजेसासूबाईंच्या हातची. तिच्यात सगळी मापे जुनी. धने एक शेर, सुके खोबरे पावशेर, तीळ नवटाक, जिरे छटाक. मग तोळ्यांवर गाडी येते: दगडफूल दोन तोळे, शहाजिरे दोन तोळे, लवंग, दालचिनी, मिरे, नागकेशर, तमालपत्र प्रत्येकी तोळा, मसाला वेलदोडे अर्धा तोळा, खडा हिंग तोळा, हळकुंडे चार, मिरच्या “रंगापुरत्या”. आपल्याकडे 1958 पासून दशमान वजने आली आणि 1962 पर्यंत शेर-तोळे कागदोपत्री संपले. त्याच वहीत समोरच्या पानावर सासूबाईंनी निळ्या शाईने नवी मापे लिहिली आहेत: धने एक किलो, लवंग 10 ग्रॅम. शेराचा किलो, तोळ्याचे 10 ग्रॅम, सुटसुटीत काम.

मी शाळेत चिमुरड्यांना आकडे शिकवणारी बाई. माझी मजल मॅट्रिकपर्यंतची. पण त्रैराशिक पक्के आहे. एका दुपारी ती दोन पाने समोरासमोर ठेवून मी हिशेब केला. शेर म्हणजे 80 तोळे, साधारण 933 ग्रॅम. तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमहून थोडा अधिक. जुन्या पानावर 80 भाग धन्यांना एक भाग लवंग होती. नव्या पानावर 100 भागांना एक झाली. म्हणजे शेराचा किलो करताना धने वाढले, तोळ्याचे 10 ग्रॅम करताना लवंग घटली, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसता आमच्या घरातली लवंग, दालचिनी आणि मिरे यांचा जोर पाचव्या हिश्श्याने उतरला. कोणी भांडले नाही, कोणी वेगळे राहिले नाही, आणि एका घराची चव बदलली. मी हा शोध सासूबाईंना सांगितला. त्या जरा वेळ गप्प बसल्या; मग म्हणाल्या, “तरीच मामंजी म्हणायचे, पूर्वीची आमटी राहिली नाही म्हणून. आम्हाला वाटायचं, त्यांच्या वयामुळे.”

या मसाल्यातल्या जिनसांपैकी दगडफुलावर माझा फार जीव आहे. नावात फूल आहे, पण ते फूल नव्हे. शेवाळ आणि बुरशी यांनी एकमेकांच्या आधाराने दगडावर, झाडाच्या सालीवर थाटलेला तो संसार आहे. शेवाळाने उन्हातून अन्न करावे, बुरशीने त्याला निवारा आणि ओल द्यावी. हातात घ्याल तर वाळलेला, राखाडी, सुरकुतलेला पाचोळा. नाकाशी न्याल तर जवळजवळ काही नाही. एखाद्या बंद खोलीचा वास येईल इतकेच. पण कढईत थेंबभर तेल टाकून परता, आणि तो पाचोळा कुरकुरीत झाला की जो वास सुटतो तो आमटीच्या तपकिरी रंगाचाच जणू वास असतो. गोड्या मसाल्यातून लवंग काढा, तो अशक्त होईल. दगडफूल काढा, तो गोडा मसाला राहणारच नाही. वाण्याच्या दुकानात मात्र या बिचाऱ्याला कोणी विचारीत नाही. वेलदोडा काचेच्या बरणीत आणि दगडफूल खाली पोत्यात.

हिंगाची गोष्ट उलटी. त्याचा मान मोठा, आणि तो येतो अफगाणिस्तान-इराणकडून. आपण शतकानुशतके हिंग खातो. पण तो आपल्या मातीत मुद्दाम लावण्याची सुरुवात झाली 2020 च्या ऑक्टोबरात, हिमाचलातल्या लाहौलच्या थंड खोऱ्यात. शुद्ध हिंग इतका उग्र की तो पिठात, डिंकात मिसळूनच बाजारात येतो. मसाल्यात घालायचा तो खडा तेलात तळून, फुलवून. आणि बरणी भरून झाली की मसाल्यात अधूनमधून न तळलेले हिंगाचे खडे खुपसून ठेवायचे, म्हणजे कीड लागत नाही.

करायची रीत वहीत एका ओळीत आहे: “सर्व जिन्नस निरनिराळे भाजून कुटावे.” या एका ओळीत दोन दिवस मावतात. निरनिराळे का, तर प्रत्येकाची भाजण्याची घडी वेगळी. तीळ पटकन तडतडतात, खोबऱ्याचा कीस डोळा चुकवून करपतो, हळकुंडाला तेलात वेळ लागतो. एकत्र टाकाल तर एक जळेल आणि दुसरे कच्चे राहील. कच्चा राहिलेला जिन्नस ओल धरतो आणि पावसाळ्यात सगळ्या बरणीला बुरशी आणतो. म्हणूनच तर हा उद्योग वैशाखातला, कडक उन्हातला. तीळ आणि खोबरे शेवटी कुटायचे, कारण त्यांचे तेल सुटते आणि बाकीच्यांचा गोळा होतो. कुटून झाले की चाळायचे, चाळणीत उरेल ते पुन्हा कुटायचे. कुटणे आणि दळणे यांत फरक आहे तो तापण्याचा. भरभर फिरणारे पाते तापते, मसाला तापतो, आणि जो वास बरणीत भरून ठेवायचा तो वाऱ्यावर निघून जातो. तयार पुडीवर माझा राग नाही. सकाळी सातची गाडी गाठणाऱ्या बाईने दोन दिवस कढईपुढे बसावे असे सांगणारी मी कोण? पण पुडी दळून किती दिवस झाले हे तिच्या नाकाला लगेच कळते. घरचा मसालाही अखेर विरतोच. फाल्गुनात आमच्याकडे एका चमच्याच्या जागी दीड चमचा पडतो.

बाकी, महाराष्ट्रभर मसाल्यांची काय कमी आहे! सोलापूर-मराठवाड्याकडे धान्ये भाजून केलेला येसर, ज्याच्या आमटीशिवाय लग्नाची पंगत उठत नाही, पाठारे प्रभूंचे परभी सांबार, ज्यात गहू आणि हरभऱ्याची डाळ पडते, वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला बाटलीत ठासून भरायचा मसाला, मालवणी, आगरी-कोळ्यांचा. मुंबईत लालबागला उन्हाळ्यात गेलात तर एका गल्लीत हे सगळे शेजारी-शेजारी भाजले-कुटले जाताना दिसतील, आणि रुमालाशिवाय गल्ली पार करता येणार नाही. प्रत्येकावर एकेक लेख होईल. मला सांगायचे आहे ते 2021 च्या वैशाखाचे.

त्या एप्रिलमध्ये सासूबाईंना करोना झाला. सत्तरी उलटलेली, त्यात दम्याचा त्रास. आम्ही पंधरा दिवस श्वास रोखून होतो. त्या त्यातून उठल्या. ताप गेला, खोकला गेला, पायांत बळ आले. फक्त वास परत आला नाही. प्रथम त्यांच्या ते लक्षातही आले नाही. दूध उतू जाऊन जळले, घरभर धूर झाला, आणि त्या शेजारीच शांतपणे जप करीत बसलेल्या. मग एक दिवस आमटी ओरपून त्या म्हणाल्या, “आंबट लागतंय, गोड लागतंय, तिखटसुद्धा लागतंय. आमटी लागत नाहीये.”

त्या वाक्यावर मी फार दिवस विचार केला. जिभेला कळते ते फार थोडे: गोड, आंबट, खारट, कडू, आणि शास्त्रज्ञ म्हणतात तशी एखादी आणखी चव. तिखट ही तर चवच नव्हे. ती भाजल्याची वेदना आहे. आपल्या जुन्या षड्रसांत तिखटाला जागा आहे, नव्या शास्त्रात नाही. बाकी जे सारे, ज्याला आपण या घरची आमटी आणि त्या घरची आमटी म्हणतो, ते नाकाचे. म्हणजे आजार आला तो नेमका गोडा मसाला घेऊन गेला, आणि माझ्या माहेरची चटणी तेवढी त्यांच्यासाठी ठेवून गेला. त्या वर्षी प्रथमच त्यांनी खालच्या फळीवरचा डबा मागून घेतला. “निदान काहीतरी लागतं,” म्हणाल्या. मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला.

डॉक्टरांनी उपाय सांगितला तो औषधाचा नव्हता. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, या चार वासांचा दिवसातून दोनदा अभ्यास करायचा. प्रत्येक वास नाकाशी धरून तो पूर्वी कसा येत असे ते आठवायचे. काहींना महिन्यांनी वास परत येतो, काहींना अर्धामुर्धा येतो, काहींना येत नाही. सासूबाई रोज सकाळी न्हाऊन, देवापुढे बसून, चार वाट्या ओळीने मांडीत आणि डोळे मिटीत. लवंगेच्या वाटीपाशी त्यांचा हात जास्त वेळ थांबे.

आणि बरणी तळाला लागलेली. डंक बंद, बाजार सकाळी दोन-चार तास उघडा. ह्यांनी सुचवले की यंदा पुडीच आणू. सासूबाई म्हणाल्या, “जिन्नस आण. भाजायला मी बसते.” मी म्हटले, “अहो आई, वासाशिवाय कसं भाजणार?” तर म्हणाल्या, “माझं नाक गेलंय. तुझं आहे ना?”

मग आम्ही दोघी कढईपुढे बसलो. तोवर मला वाटे, हे सगळे काम नाकाचे आहे. त्या दिवशी मला कळले की त्यांच्या कानांना, डोळ्यांना आणि बोटांनाही ते केव्हाचे पाठ होते. तीळ तडतडू लागतात आणि मग तडतड विरळ होते, तेव्हा उतरवायचे. लवंग फुगून टपोरी होते. तमालपत्र बोटांत कडकन मोडायला हवे, नुसते वाकून चालत नाही. दगडफूल चुरून पाहायचे. खोबऱ्याचा रंग बदामाच्या सालीसारखा. हिंग फुलला की हलका होऊन तेलावर येतो. एवढे सगळे त्यांनी मला पुढ्यात बसवून दाखवले. वीस वर्षे मी त्या घरात होते आणि त्यांना हे बोलून दाखवावे लागले नव्हते. वास आला की त्या उठत आणि कढई उतरवीत, संपले.

अडले ते धन्यांपाशी. धने भाजताना रंग फारसा बदलत नाही, आवाज होतो पण तो फसवा असतो. तिथे नाकच हवे. सासूबाई उलथणे फिरवीत होत्या आणि विचारीत होत्या, “आता कसा येतोय?”

मी कादंबऱ्या लिहिते. माणसाच्या मनातले चार-चार पानी वर्णन मी बिनदिक्कत केलेले आहे. पण धन्यांचा वास कसा येतोय, हे ज्याला तो येत नाही त्याला सांगायचे म्हणजे काय, हे मला तिथे बसल्यावर कळले. मराठीत वासाचे शब्द थोडे नाहीत. उग्र आहे, खवट आहे, कुबट आहे, मातकट आहे, करपट आहे, आंबूस आहे. चांगल्यासाठी खमंग आहे, खरपूस आहे, घमघमाट आहे. पण कढईतला वास दर क्षणाला बदलत असतो आणि शब्द आपापल्या जागी बसून असतात.

“गवतासारखा,” मी म्हटले. “वाळलेल्या.”

“कच्चे आहेत. आता?”

“पावसाच्या पहिल्या सरीसारखा. पण गरम.”

“परतत राहा. जाळ कमी कर. आता?”

मी डोळे मिटले. “संत्र सोलताना बोटांना येतो ना, तसा. आणि त्याच्याखाली भाजलेल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी.”

“उतरव!” त्या इतक्या जोराने म्हणाल्या की मी फडके न घेताच कढईचा कान धरला. बोट पोळले, पण धने बरोबर उतरले होते. सासूबाई रिकाम्या हाताने तशाच बसून राहिल्या. मग पदराने डोळे टिपीत म्हणाल्या, “संत्र्याच्या सालीचा कधी विचार केला नव्हता मी. पण तसाच यायचा.”

मिक्सरचे भांडे तापू नये म्हणून थांबत थांबत आम्ही मसाला दळला. संध्याकाळी आमटी केली. त्यांनी ती माझ्याकडे बघत बघत प्यायली, जणू माझ्या चेहऱ्यावरून त्यांना ती चाखायची होती.

त्यांचा वास पुढे आला नाही. कधीकधी लवंगेचा भास होतो म्हणतात. खरा की आठवणीतला, हे त्यांनाही ठरवता येत नाही. त्यानंतर दर वैशाखात शाळेला सुटी लागली की आम्ही दोघी कढईपुढे बसतो. वहीत आता तिसरे अक्षर आले आहे. आजेसासूबाईंचे शेर, सासूबाईंचे ग्रॅम, आणि त्यांच्या कडेला माझ्या हातचे: “धने, संत्र्याची साल येईपर्यंत.” “दगडफूल, पावसाळ्यात उघडलेली ट्रंक.” “जिरे, उन्हात वाळलेले गोणपाट; त्यापुढे गेल्यास कडू.” लवंगही मी पुन्हा 80 ला एकवर आणली आहे. माझ्या लेकीला हे सगळे फार हास्यास्पद वाटते. पण पुण्याला जाताना डबा मात्र मोठा नेते.

यंदा मसाला चाळून झाला तेव्हा सासूबाईंनी नेहमीप्रमाणे चिमूटभर जिभेवर ठेवला. जीभ टाळ्याला लावून दोन-तीनदा चोखली. मग म्हणाल्या, “तीळ जरा जास्त झालेत.”

मी वही उघडून दाखवली. वजनकाटा आणून पुढे ठेवला. मोजून घेतले होते, एक ग्रॅम इकडे-तिकडे नाही.

त्यांनी काट्याकडे पाहिलेही नाही. “तेलकट लागतंय,” म्हणाल्या, आणि बरणीला दादरा बांधायला दोरी शोधू लागल्या.